न धरलेला नेम

रोज दुपारी जेवणं आटोपली की मी चार पानं वाचते. घरची माणसं कौतुकानं म्हणतात, आजीचा नेम कधी चुकत नाही. मला हसू येतं. सासूबाईंनी हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. नेम मोडण्यात माझा हात धरणारी बाई अलिबागच्या आसपासच्या गावांत नव्हती.

भातशेती करणाऱ्या या घरात मी लग्न होऊन आले ती १९३०च्या आगेमागे. चातुर्मास लागला की घरातली प्रत्येक बाई काहीतरी नेम धरायची. पहिल्या वर्षी मी जेवताना मौन धरलं. तिसऱ्याच दिवशी मांजरानं दुधात तोंड घातलं आणि मी "हड् मेल्या" म्हणून ओरडले. दुसऱ्या वर्षी एकच वेळ जेवायचं ठरवलं, तर दळता दळता जात्यापाशीच मूठभर तांदूळ तोंडात गेले. "हिचा नेम म्हंजे आळवावरचं पानी," असं सासूबाई येईल त्याला सांगत. लाज तर वाटायचीच, पण मन मुळात त्यात नव्हतंच.

यजमान मुंबईला गोदीत कामाला. पावसाळ्यात मांडव्याची बोट बंद, म्हणून ते चार महिने त्यांचं नुसतं पत्र यायचं. सासरे पूर्वी तलाठ्याच्या हाताखाली लिहिण्याचं काम करत. पत्र तेच पडवीत बसून मोठ्यानं वाचत. सासूबाई सूप घेऊन समोर, मी दाराआड. शेवटाला येताना मामंजी खाकरत, "बाकी सगळं खुशाल" म्हणत आणि पत्राची घडी घालून वाशाला खोचत. पण उजेडात कागदाच्या पाठीमागून मला दिसे, ओळींवर फिरणारं त्यांचं बोट थांबलं तरी खाली अजून दोन-तीन ओळी उरलेल्या असत.

काय असेल त्या ओळींत? माझी चौकशी असेल? लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं आणि नवऱ्याच्या मनात मी आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. विचारायचं तरी कुणाला? आणि मला तर अक्षर येत नव्हतं.

मी नणंदेचं शाळेतलं जुनं पुस्तक मागून घेतलं. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की पाटी घेऊन चुलीमागं बसायची, अडलं की नणंदेला विचारायची. अंगात ताप होता त्या दिवशीही बसले. याला नेम म्हणावं असं डोक्यातही आलं नाही. दिवाळीपर्यंत पुस्तक घडाघडा वाचू लागले.

भाताची कापणी सुरू झाली. घर रिकामं पाहून मी वाशाचं पत्र काढलं, उघडलं, आणि एक अक्षर लागेना. वर आडवी रेघ, खाली लेखणी न उचलता काढलेली वेटोळी. माझं पुस्तक बालबोध, सुट्या छापील अक्षरांचं, आणि पत्र सगळं मोडीत! मी तिथंच रडत बसले. तेवढ्यात विळा न्यायला आलेले मामंजी दारात उभे राहिले.

"काय गो, काय झालं?"

"मामंजी, मी शिकले ती अक्षरं निराळी, ही निराळी."

त्यांनी पत्र वाशाला खोचलं, विळा घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र स्वतःच पाटी घेऊन आले.

"मोडी शिकाया लय दिस लागतील. आनि नेम तर तुजा टिकत न्हाय."

"हा नेम न्हाय," मी म्हटलं.

त्यांनी पाटीवर पहिली रेघ ओढून दिली.

मौन तीन दिवस टिकलं, मोडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालली. बाई तीच, दुपार तीच. याचं मला अजून नवल वाटतं.

श्रावणात पत्र आलं. मामंजींनी ते माझ्याच हातात ठेवलं. "तूच वाच." सासूबाईंचं सूप थांबलं. पगार, पाऊस, बैलाची चौकशी असं सगळं मी अडखळत वाचलं. मग त्या ओळी आल्या. मी त्या आधी मनात वाचल्या.

"तिला उपास सोसत नाही. भूक मारली की तिचं डोकं दुखतं, पण ती बोलत नाही. तिला नेमातून मोकळं करावं."

डोकं दुखतं हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

डोळ्यांपुढं अक्षरं हलू लागली. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी खाकरले.

"बाकी सगळं खुशाल," म्हटलं आणि पत्राची घडी घातली. मामंजी अंगणाकडे तोंड करून हसत होते.