मावशी मिळून आली नाही
आमच्या हिला खोटं बोलता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. अशा बाईशी संसार करायचा म्हणजे खायचं काम नाही. पण बटणांचं दुकान तिनंच तीस वर्षं चालवलंय. मी नुसती शिडी धरतो.

तिच्या बहिणीचा मुलगा आमच्याकडेच वाढला. शिंप्यांना बटणांच्या पुड्या पोचवायचं काम त्याच्याकडे. एकोणिसाव्या वर्षी त्यानं माती खाल्ली. मित्राच्या नादानं गर्दच्या दोन पुड्या कुणाला तरी नेऊन दिल्या आणि पकडला गेला. "दिल्यास ना? मग भोग आता," असं ही त्याला तोंडावर म्हणाली आणि घरी येऊन रडली.

कोर्टानं सहा वर्षं ठोकली. दोन पुड्यांना सहा वर्षं कशी, हे काही हिच्या गळी उतरेना. निकालाची नक्कल मिळवून ती काउंटरवरच वाचत बसली, गिऱ्हाईक ताटकळत उभं.

"अहो, हे ऐका. 'आरोपीच्या फोनमध्ये चाळीस संदेश आढळले. पांढऱ्या बारा पुड्या पोचल्या, मावशी. काळ्या उद्या. मावशी या टोपणनावाची म्होरकी मिळून आली नाही.'" तिनं चष्मा काढला. "मिळून आली नाही म्हणे. दर तारखेला दुसऱ्या बाकावर बसून होते मी."

मला हसू आवरेना. पोरानं सगळंच कबूल केल्यावर कुणी खोलात गेलंच नव्हतं, ते संदेश कोर्टात वाचूनही दाखवले नव्हते.

तुरुंगातल्या भेटीत हिनं त्याला फैलावर घेतलं. "ती बटणं आहेत हे सांगायचं सोडून तोंड शिवून बसलास होय रे?"

तो खाली बघत म्हणाला, "मावशी कोण, तेच विचारत होते. तुझं नाव घेतलं असतं तर तुलाही आत टाकलं असतं. म्हणून सगळ्याला हो म्हटलं."

त्या दिवशी घरी पोचेपर्यंत ही एक शब्द बोलली नाही. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

मग अपील. वकीलबाईंच्या सांगण्यावरून हिनं अकरा शिंप्यांचे लेखी जबाब गोळा केले. दुकानाच्या पाटीचा फोटो दिला, संदेश गेले तोच फोन नंबर त्यावर. वरच्या कोर्टात न्यायाधीशांनी आमच्या दुकानातली एक पुडी स्वतः फोडून पाहिली. एक बटण घरंगळत टेबलाखाली गेलं, ते कारकुनानं वाकून शोधून दिलं.

"आणि त्या दोन पुड्या?" न्यायाधीशांनी विचारलं.

"त्या दिल्या, साहेब. ते आम्ही नाकारत नाही," वकीलबाई म्हणाल्या. असंच सांगायचं, हा हिचा हट्ट होता.

शिक्षा दीड वर्षावर आली. त्यातले चौदा महिने त्यानं काढलेच होते.

आता तो दुकानात असतो. परवा एक शिंपी दारातूनच म्हणाला, "पांढऱ्या दोन पुड्या काढ रे." पोराचा हात जागीच थांबला. तो कानापर्यंत लाल झाला.

ही बटणं निवडत होती. वरसुद्धा न बघता म्हणाली, "दे की. तुझी मावशी मिळून आलीय आता."

तो हसला आणि वरच्या फळीकडे चढला. मी शिडी धरली.