बिडीच्या सुपाशेजारची दहावी

आमच्या वर्गाच्या हजेरीपटात शेवटचा रकाना ‘शेरा’ असा आहे. त्यात ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ एवढंच लिहायचं, अशी वरून सूचना आहे. मला ते जमत नाही. कोण आली नाही, का आली नाही, आली तर काय म्हणाली, हे लिहिल्याशिवाय मला पट मिटवता येत नाही. रकाना दीड इंचाचा. त्यात माणसं मावत नाहीत, म्हणून वेगळी वही केली. आता अशा सहा वह्या झाल्यात. चहाच्या टपरीवर मित्र म्हणतात, वहीतलं काही हसण्यासारखं सांग. मी सांगतो. ते हसतात. मग कोणीतरी विषय बदलतो.

वर्ग म्हणजे शाळा सुटलेल्या बायांना बाहेरून दहावीला बसवणारं केंद्र. गोंदियाहून दरेकशाकडे जाणाऱ्या गाडीने तासाभरात आमचं गाव येतं. समाजमंदिराच्या ओसरीत दुपारी बारा ते दोन शिकवतो. मी स्वतः धानाच्या गिरणीत वजनकाट्यावर होतो आणि बत्तिसाव्या वर्षी बाहेरून दहावी झालो, म्हणून ‘अनुभवी’ समजून केंद्र माझ्याकडे आलं.

बाया चौदा. सगळ्या घरी बसून बिड्या वळणाऱ्या. त्यातली मंजुळाबाई सातवीतून सुटलेली. नवरा चार वर्षांपूर्वी वारला. अंगणवाडीतली मदतनीस आजारी पडली की मंजुळाबाईच पोरं गोळा करून आणायची, खिचडी ढवळायची. ती मदतनीस आता निवृत्त होणार होती. अंगणवाडीच्या बाईंनी मंजुळाबाईला सांगून ठेवलं होतं, “तू फक्त दहावी कर. जागा तुझीच.” तंबाखूच्या धुळीने तिला रात्रंदिवस खोकला होता. त्या जागेसाठी ती वर्गात आली.

*

प्रवेशाच्या दिवशी सगळ्यांचे शाळेचे दाखले तपासले. चौदापैकी अकरा बायांचा जन्म एक जुलैचा! जुन्या गुरुजींनी सोय पाहिली होती. मी पटावर तारीख लिहून ठेवली आणि एक जुलैला पेढे घेऊन गेलो. ओसरीत मी एकटाच. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे दिवस होते, अकराच्या अकरा वाढदिवस शेताच्या बांधीत वाकले होते. पेढे मी परत आणले.

मंजुळाबाईचा खरा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, नारबोदीचा. वर्षही वेगळं. पोरगी उंच दिसते म्हणून गुरुजींनी वय दोन वर्षं वाढवून पहिलीत घातली होती. आता तेच नडत होतं. अंगणवाडीच्या जागेला तिच्यासारख्या विधवांना चाळीसपर्यंत सूट होती आणि कागदावर ती एकोणचाळीसची झाली होती. म्हणजे परीक्षेची एकच संधी. मी म्हटलं, वय दुरुस्त करून घ्या, अर्ज करा, कोर्टाचं प्रतिज्ञापत्र करा, जुना साक्षीदार शोधा. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“भाऊ,” ती म्हणाली, “दोन वरीस कमी कराले मले दोन वरीस लागतीन.”

*

पहिल्या महिन्यात बाया येईनात. दोन तास वर्गात बसलं की दिवसाच्या बिड्या पूर्ण होत नाहीत. मग मीच सांगितलं, सूप घेऊन या. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता, तंबाखू, कैची, दोरा. मी फळ्यावर लिहायचो, त्या बिडीकडे न पाहता फळ्याकडे पाहून वाचायच्या. अख्खा इतिहास आम्ही असा केला. तंबाखूच्या वासाने माझं डोकं दुखायचं, पण हजेरी भरली.

एकदा गोंदियाहून कटरे सर तपासणीला आले. चांगला माणूस. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि म्हणाले, ज्यांना उत्तर येतं त्यांनी हात वर करा. एकही हात वर नाही. त्यांनी सोपा प्रश्न विचारला. नाही. मग त्याहून सोपा, जो चौथीच्या पोराला येईल. तरीही नाही. सर माझ्याकडे दयेने पाहायला लागले आणि त्यांनी तपासणीच्या कागदावर ‘प्रतिसाद शून्य’ असं लिहिलं.

तेव्हा मंजुळाबाई दोऱ्याची गाठ मारत म्हणाली, “सर, तोंडानं सांगू का? हात गुंतून आहेत.”

तिने तिन्ही उत्तरं ओळीने दिली. सर खूश झाले, शाबास म्हणाले. शेरा मात्र तसाच राहिला. पेनाने लिहिला होता.

*

राधामावशी चोपन्न वर्षांची. तिला नोकरी नको, काही नको. नातू म्हणतो, आजी, तू दहावी नापास आहेस. तेवढं तिला पुसायचं आहे. चार वेळा बसली, चारही वेळा इंग्रजीत गेली. बाकी सगळे विषय सुटले.

मला कळेना. वर्गात तिचं इंग्रजी बरं होतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं. बिड्या जमा करून घेणारा मुन्शी आठवड्यातून दोनदा दुपारी बारा ते एक बसतो. पेपर अकरा ते दोन. इंग्रजीचा पेपर दर वेळी नेमका त्याच दिवशी येतो. साडेबारा वाजले की मावशी उठते, पर्यवेक्षकाला उत्तरपत्रिका देते आणि माल पोचवायला जाते. मी म्हटलं, एक दिवस शेजारणीच्या हाती पाठव. तर म्हणाली, दुसरीच्या हातचा माल पाहिला की मुन्शी वाईट म्हणून जास्त बिड्या काढून फेकतो.

“मंग पास कशी होशील, मावशी?”

“पयला अर्धा पेपर मले समदा येते, भाऊ. दुसरा अर्धा कसा रायते, तो मी अजून पाह्यलाच नाई.”

*

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकीजावयापासून नणंदेच्या दिराच्या मेव्हण्यापर्यंत सगळे पाहुणे येतात आणि बाई चुलीसमोरून हलत नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आमच्या गावच्या मंडईवरच आली.

तेरा जणींचे फॉर्म आधी गेले होते. मंजुळाबाईचा फोटो राहिला होता. घरी अठरा पाहुणे. पोळ्या अर्ध्यावर टाकून, हाताला कणीक तशीच, ती मंडईतल्या फोटोवाल्याकडे धावली आणि तिथून आम्ही ऑटोने फॉर्म भरायला निघालो. फोटोत तिच्या मागे पडद्यावरचा बर्फाचा डोंगर आला होता. दुसरा काढायला वेळ नव्हता. तोच चढवला.

परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकांनी हॉलतिकीट पाहिलं आणि विचारलं, “अरे वा, काश्मीरला कधी गेल्या होत्या?”

“मंडईत, सर.”

*

जानेवारीत मी पहिली सराव परीक्षा घेतली आणि तेव्हा मला माझी चूक कळली. चौदाही बायांना सगळं वाचता येत होतं. चार वेळा परीक्षेला बसलेली राधामावशी सोडली तर लिहिता एकीलाही येत नव्हतं. सहा महिने त्यांचे डोळे शिकत होते, बोटं बिडीतच होती. सूप आणा असं मीच सांगितलं होतं. त्या दिवशीच्या वहीत ‘चूक माझी’ एवढंच आहे, पुढे पान कोरं.

मंजुळाबाईने अर्धं पान लिहिलं आणि कागद फाटला. बिडीचं टोक दाबायची सवय, पेनही तितक्याच जोराने दाबायची. तिच्याकडे दोन महिने होते.

त्या वर्षी तिच्या मुलाचं लग्न झालं होतं. सून प्रियंका बारावी पास, चांगल्या घरची. तिने आयुष्यात बिडी वळली नव्हती. सासूसुनेत एक ठराव झाला. वर्ग सुटल्यावर चारपर्यंत सासू सुनेला बिडी शिकवणार, म्हणजे लिहायला वेळ सुटेल. चारनंतर सून सासूला शुद्धलेखन घालणार. मी दोनदा जाऊन पाहिलं. एकीच्या बोटांना कैचीचे चिरे, दुसरीच्या बोटांना शाई. मार्चपर्यंत मंजुळाबाईचं अक्षर छापल्यासारखं झालं, आणि प्रियंकाच्या हजार बिड्या तीन वाजताच होऊ लागल्या.

मी गमतीने विचारलं, दोघींत कोण लवकर शिकलं?

“मी, काका,” प्रियंका म्हणाली. मान वर न करता.

*

परीक्षेच्या दहा दिवस आधी मी गोंदियाला हॉलतिकिटं आणायला गेलो होतो. तिथे एकाने सहज सांगितलं की अंगणवाडीच्या मदतनीसाला आता दहावी चालत नाही, बारावी लागते. मी चार ठिकाणी विचारून खात्री केली. खरं होतं. दहावीनंतर बारावीला दोन वर्षं. मंजुळाबाईकडे एक वर्षसुद्धा धड नव्हतं.

परतीच्या गाडीत मी ठरवलं, सांगायचं नाही. परीक्षा होऊ दे. गावात येऊन मी बीजगणित घेतलं. ती पुढे बसून एकेक उदाहरण सोडवत होती. मी तिच्याकडे न पाहता शिकवलं. रोज. दहा दिवस.

निकाल लागला. मंजुळाबाई सगळ्या विषयांत पास. राधामावशी इंग्रजीत गेली. बायांनी ओसरीत साखर वाटली. सगळ्या गेल्यावर मी मंजुळाबाईला थांबवून घेतलं आणि नवीन नियम सांगितला. मला आधीपासून माहीत होतं, हेही सांगितलं.

ती म्हणाली, “मले माईत होतं, भाऊ. पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला होता. जाता जाता मीच वाचला. फेब्रुवारीत.”

मी विचारलं, “मग परीक्षा कायले दिली?”

“तुमी एवढे दिवस फळ्यावर लिवून राहिले होते. म्हटलं, मी नाई बसली तं तुमचा जीव लहान होईन.”

*

हा शेवटचा किस्सा मी टपरीवर अजून सांगितलेला नाही.

जागेची जाहिरात निघाली. अंगणवाडीच्या बाई स्वतः मंजुळाबाईच्या घरी आल्या. खूप वाईट वाटलं म्हणाल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, घरात बारावी पास सून आहे, तिचा अर्ज टाका, जागा घरातच राहील. मुलाला पटलं. शेजारच्यांनाही पटलं. घर चालायचं तर बिड्यांपेक्षा ते बरं, यात कोणाचं दुमत नव्हतं. मंजुळाबाईसुद्धा हो म्हणाली.

तीन दिवसांनी ती भरलेला अर्ज घेऊन वर्गात आली. मी एकदा नजर घालावी, खाडाखोड चालत नाही म्हणून. सहा पानांचा अर्ज होता. मी पट्टी ठेवून ओळ न् ओळ तपासली. पत्ता, रेशनकार्डाचा क्रमांक, बारावीचं वर्ष, गुण, जोडलेल्या कागदांची यादी. इतका स्वच्छ अर्ज माझ्या हाताखालून कधी गेला नव्हता. वेलांटीसुद्धा चुकली नव्हती.

“अक्षर कोणाचं?” मी विचारलं, उगीच. मला दिसत होतं.

“माझं. ती बिड्या वळून राहिली. म्हणून मीच बसली भराले.”

“सगळं बरोबर आहे. फक्त पहिल्या पानावर नावाची जागा कोरी राहिली.”

“राहिली नाई, ठेवली,” ती म्हणाली. तिने माझ्या हातून अर्ज घेतला, शेवटचं पान उघडलं आणि अगदी तळाशी, बारीक टायपात छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं. मग ती ओळ तिने वर्गात वाचते तशी, न अडखळता, मोठ्याने वाचली, “वरील सर्व माहिती मी स्वतःच्या हस्ताक्षरात भरली असून ती खरी आहे.”

मंजुळाबाईने पहिलं पान पुन्हा वर आणलं आणि माझ्या पेनाकडे हात केला.

“आता सांगा, भाऊ. इथं नाव कोणाचं टाकू?”