रात्र लाव

टीव्ही घ्यायला आलेला माणूस क्रिकेट लावायला सांगतो, नाहीतर गाणी. चाचा खुर्ची ओढून बसायचे, चपला काढून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "सेल्समन, रात्र लाव."

रात्र म्हणजे काय, ते सांगतो. मी रत्नागिरीत टीव्हीच्या एका दुकानात विक्रेता होतो. कंपनीने आम्हाला नमुन्याची एक डिस्क दिली होती. तिच्यात धबधबे, पोपट, फळांच्या राशी आणि अगदी शेवटी एका बंदरावरची रात्र. काळं पाणी, लांबवर चार दिवे. पोपट कुठल्याही टीव्हीवर छानच दिसतो. तुम्हीही शोरूममध्ये पोपट बघूनच टीव्ही घेतला असणार. चाचा पोपटांकडे ढुंकून बघत नसत.

ते खाडीकाठच्या राजिवड्याचे. उभं आयुष्य जहाजांवर गेलेलं. काळोखात पुढच्या टोकाला उभं राहायचं आणि समोरून येणाऱ्या बोटीचा लाल दिवा दिसतोय की हिरवा, ते सगळ्यांच्या आधी ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. बायको वारली होती, लेक दापोलीला दिलेली. दुपारचा वेळ जाता जात नसे, म्हणून आमच्या दुकानात.

तेव्हा तिन्ही प्रकारचे टीव्ही शेजारी शेजारी मांडलेले असत. ढेरपोट्या पिक्चर ट्यूबचा, प्लाझ्मा आणि नवीन आलेला एलसीडी. चाचांचा निकाल ठरलेला होता. "ट्यूबची रात्र खरी. प्लाझ्माची अमावस्या. आणि हा तुझा एलसीडी," असं म्हणून ते थांबायचे, "ह्याच्यात उजाडायला लागलंय बघ. कोंबडा आरवायचा तेवढा बाकी आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. त्या वेळच्या एलसीडीवर काळा रंग करडाच दिसायचा. गिऱ्हाइकं हसायची, पण ऐकायचीही. आणि आमच्या गोदामात एलसीडीच भरलेले. मालक मला आतल्या खोलीत नेऊन माझ्यावर उखडायचे. "चहा माझा पितो आणि माल माझाच पाडतो हा म्हातारा."

"शेठ, चहात साखर कमी असते," चाचा बाहेरूनच उत्तर द्यायचे. त्यांचे कान शाबूत होते.

पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमारास एक कुटुंब टीव्ही बघत होतं. चाचांनी रात्र लावायला सांगितली. बराच वेळ ह्या पडद्यावरून त्या पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, "नवा माल चांगला आलाय. कंपनीवाले शिकले म्हणायचे. तिन्ही आता सारखेच."

त्या माणसाने तिथल्या तिथे एलसीडी घेतला.

मी बिल फाडलं. खरं तर नवा माल आलाच नव्हता. समोरचा एलसीडी तोच होता, वर्षभर त्याच फळीवर उभा असलेला. त्याच्या कडेला माझ्याच किल्लीचा ओरखडा होता. सेट बदलला नव्हता, मग काय बदललं होतं ते मला त्याच क्षणी कळलं. पुढे लक्ष ठेवलं तर चहाचा कप उचलायला चाचांचा हात आधी बशीच्या बाजूला पडायचा. रस्ता ओलांडताना ते रिक्षाच्या आवाजावर थांबायचे.

मी मुळात कमी बोलणारा. पण ह्या बाबतीत न बोलणं हा स्वभाव नव्हता, सोय होती. गणपतीत माल गेला, दसऱ्याला गेला, दिवाळीत गोदाम रिकामं झालं. कुणी कां-कूं करायला लागलं की मी म्हणायचो, "चाचांना विचारा." चाचा मान डोलवायचे. मालक त्यांच्या चहात स्वतः साखर घालायला लागले.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी दुकान लवकर बंद झालं आणि मी त्यांच्याबरोबर जेटीवर गेलो. येणाऱ्या मचव्यांचे दिवे ओळखून नावं सांगायची, हा त्यांचा रोजचा खेळ. एक दिवा दिसला. "दोन येतायत," चाचा म्हणाले.

पायऱ्यांवर जाळं आवरत बसलेला एका मचव्याचा तांडेल हसला. "एकच हाय चाचा. सवत आणलीव काय तिला?"

चाचाही हसले, पण जरा उशिरा. मग जणू जवळून खात्री करायला पायऱ्या उतरायला लागले. शेवाळलेल्या पायरीच्या पुढे पायरी नव्हती, पाणी होतं, आणि त्यांनी पाय तिथेच टाकला. मी दंड धरला म्हणून पडता पडता राहिले.

वर आल्यावर मी म्हणालो, "चाचा, डोळे दाखवून या."

"माझे डोळे?" त्यांचा आवाज चढला. "अरे, ह्या डोळ्यांवर अख्खं जहाज झोपायचं. तो तांडेल कालचा पोर. धुकं आहे आज."

धुकं नव्हतं. डॉक्टरांचं नाव काढलं असतं, लेकीला फोन करायची धमकी दिली असती, तरी ते ऐकणारे नव्हते. त्यांना पटेल असा पुरावा एकच होता आणि तो माझ्या खिशात होता. मी किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

"उद्या दुकानात एलसीडीची उजवी कड चाचपून बघा. ओरखडा लागेल. गेल्या वर्षी ह्याच किल्लीने पडलेला. तो सेट तोच आहे, चाचा. त्याची रात्र अजून करडीच आहे."

ते किल्लीवरून बोट फिरवत राहिले. "तुला कधी कळलं?"

"आत्ताच," मी म्हणालो. "तुम्ही दोन बोटी म्हणालात तेव्हा."

हे खोटं होतं. ते आज इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा तर पार पिकलाय. आणखी थांबला असतात तर आतला दाब वाढून नजर कायमची गेली असती. वाचलात. बाकावर चाचांच्या शेजारी बसून मी ते ऐकलं आणि उठताना चाचांनीच मला हात दिला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. पट्टी आणि मग काळा चष्मा सुटल्यावर ते दुकानात आले. चपला काढल्या. "सेल्समन, रात्र लाव."

गिऱ्हाइकं होती. मालक गल्ल्यावर होते. मी लावली.

चाचांनी तळहाताने डावा डोळा झाकला. "हा डोळा म्हणतो, करडी." मग उजवा झाकला. "हा म्हणतो, सगळं ठीक, घेऊन टाका." ह्या डोळ्यावरचा हात त्या डोळ्यावर नेऊन त्यांनी पुन्हा खात्री केली आणि ऑपरेशन न झालेल्या डोळ्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "हा तुझा माणूस. दिवाळीपर्यंत ह्याने तुझं काम केलं."

मालकांना काही कळलं नाही. मला सगळं कळलं: जेटीवरचं माझं ते "आत्ताच" चाचांना पटलंच नव्हतं. आणि गंमत म्हणजे, भर दुकानात लाज वाटायच्या ऐवजी मला मोकळं वाटलं. एलसीडी बघायला आलेलं गिऱ्हाईक प्लाझ्मा घेऊन गेलं, त्याचंही काही वाटलं नाही.

दुसरा डोळा झाल्यावर लेकीने त्यांना दापोलीला कायमचं बोलावलं. जाण्याआधी ते तिच्यासाठी टीव्ही घ्यायला आले. मी आपणहून डिस्क घातली.

"नको," चाचा म्हणाले. "आज मी बघणार नाही. तू सांग." आणि त्यांनी दोन्ही तळहात दोन्ही डोळ्यांवर ठेवले.

मी विचारलं, तिची बैठकीची खोली कशी आहे. पुढे पडवी, मोठ्या खिडक्या, दिवसभर उजेड, आणि वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर. मी सांगितलं, "मग एलसीडी घ्या. उजेडात तोच चांगला दिसेल, प्लाझ्माच्या काचेत खिडक्या दिसतील, शिवाय तो वीजही जास्त खातो. पण रात्र करडी दिसेल. ती काळी दिसणार नाही."

"बस," हातांआडून चाचा म्हणाले. "एवढंच सांगत जा."

दापोलीच्या एसटीत खोकं मांडीशी धरून ते गेले. पुढे काही वर्षांनी तिथेच वारले. लेकीने फोनवर सांगितलं, शेवटपर्यंत चष्म्याशिवाय पेपर वाचत होते.

दुकान मी कधीच सोडलं. ओळखीपाळखीचे अजून विचारतात, कुठला टीव्ही घेऊ? उत्तर द्यायच्या आधी मला समोरच्या खुर्चीत चाचा दिसतात. चपला बाजूला काढलेल्या, दोन्ही डोळे तळहातांनी झाकलेले, मी काय सांगतो त्याची निवांत वाट बघत बसलेले.