घरातून एकच शाळेला

आमच्या घरातून शाळेला कोण जाणार, हे मास्तरांनी नव्हे, बैलांनी ठरवलं. निजामाचं राज्य होतं. तहसिलीची नोटीस उर्दूत यायची आणि ती वाचून घ्यायला वडिलांना दुसऱ्याच्या ओट्यावर ताटकळावं लागायचं. त्याचा त्यांना भारी संताप. गावाला सुतार लागतो, लोहार लागतो, तसा घराला एक शिकलेला लागतो, असं त्यांचं म्हणणं. पण एकच. दोघं शिकले तर औतामागं कोण चालणार?

आम्ही दोघं भाऊ, मी धाकटा. थोरल्याला शाळेचं वेड. आष्टीच्या बाजारात गेलो की दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं तो बोटानं धुळीत गिरवत बसायचा. मला मात्र बैलांपुढं काही सुचायचं नाही. उकरलेल्या मातीचा वास, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, बांधावरची भाकर. त्या सकाळी आठवल्या की अजून जीव गलबलतो.

एके दिवशी वडिलांनी दोघांनाही औत धरायला लावलं. ज्याचं तास, म्हणजे औताची रेघ, वाकडं निघेल, तो शाळेला. मी जीव तोडून सरळ हाकलं, तरी माझं तास बाभळीकडं भरकटलं. भावानं मुद्दाम वाकडं काढलं. वडील हसले. त्याला म्हणाले, "तुझा हात मला म्हाईत न्हाई व्हय?" झालं, तो शेतात राहिला आणि मी शाळेला निघालो. शाळेला जातो तो हुशार, असं लोक समजतात. समजू देत बापडे.

पुढं मी मास्तर झालो. तेव्हा एका जाड पुस्तकात वाचलं की शाळा माणसं निवडून ज्याला त्याला योग्य कामाला लावते आणि त्यामुळं समाजाचा गाडा नीट चालतो. आमच्या घराचा गाडा चालला, हे खरं. उत्तम शेतकरी मिळाला, नोटीस वाचणाराही मिळाला. ज्याला शिकायचं होतं त्याचं काय झालं, ते मात्र त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. मला राग आला आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

परतूरच्या शाळेत मला घालायला भाऊच आला होता, बैलगाडी हाकत. मास्तरांनी टाक उचलला, आम्हा दोघांकडं पाहिलं आणि विचारलं, "पढना किसको है?"

भाऊ म्हणाला, "पढायचं मला हाये, साहेब. नाव याचं लिवा."