‘इतर’मधली आई

माझ्या मित्राला आम्ही कप्पे म्हणतो. खरं नाव वेगळं आहे, पण ते आता त्याच्या आईलाही आठवावं लागतं.

त्याच्या कचेरीत डिजिटल धंद्यांची वर्गवारी चालते. कुणी ॲपवर बूट विकतं, कुणी वर्गणी घेऊन गाणं शिकवतं, कुणी सगळं फुकट देऊन जाहिराती दाखवतं. कप्पेचे प्रश्न ठरलेले. देतंय कोण, घेतंय कोण आणि मधे बसून खातंय कोण? उत्तरं मिळाली की धंदा आपल्या कप्प्यात जाऊन पडतो.

ही सवय त्याने घरी आणली. वडील वर्गणीत गेले, कारण ते दरमहा ठरलेली रक्कम देतात आणि काय मिळालं ते विचारत नाहीत. धाकटी बहीण म्हणजे मंच, दोन बाजूंना जोडून मधे कमावणारा. आईबाबांचं बिनसलं की निरोप तीच पोचवते आणि दोघांकडून काहीतरी उकळते. मी ‘सुरुवातीला मोफत’मध्ये आहे. पुढे पैसे भरायचे असतात. ते मी भरत नाही.

एकच कप्पा त्याला डाचायचा. ‘इतर’. महिनाअखेरीस तो रिकामा दिसला नाही तर तुझी तात्पुरती नोकरी संपली, असं साहेबांनी बजावलं होतं. कप्पेने रक्त आटवून तो रिकामा करत आणला. एक धंदा उरला. तो त्याच्या आईचा होता.

काकू ॲपवरून शिडी, ड्रिल, इस्त्रीचं टेबल असं काहीबाही शेजाऱ्यांना वापरायला देतात. कमिशन नाही, वर्गणी नाही, जाहिरात नाही. तरी नोंद हट्टाने धंदा म्हणूनच केलेली. नोंद काढून टाक म्हणून कप्पेने विनवलं.

“जन्म मी दिला,” काकू म्हणाल्या, “आणि मी इतर?”

त्यानंतर त्याचा डबा मंचामार्फत येऊ लागला.

शेवटी साहेब स्वतः चौकशीला घरी आले. मी शिडी न्यायला गेलो होतो, म्हणून हजर होतो. साहेबांनाही घड्याळ टांगायला ड्रिल हवंच होतं. काकूंनी ड्रिल त्यांच्या हातात दिलं, वायरचं टोक आपल्या मुठीत ठेवलं आणि गुडघ्याचं दुखणं सांगायला घेतलं. गुडघ्यावरून डॉक्टर. डॉक्टरांवरून डॉक्टरांची सासू. साहेब मान डोलावत राहिले. चहावर साय धरली. मी खांद्यावर शिडी घेऊन उभा.

कप्पे मात्र वायरकडे बघत होता.

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही आत्ता मोबदला देताय.”

साहेबांनी खिसा चाचपला.

“खिशातून नाही. दळायची दळणावळ, धुवायची धुणावळ. ही ऐकणावळ. वस्तू फुकट, वसुली कानांतून.”

मी साहित्याचा पदवीधर. शब्द जन्माला येताना पहिल्यांदाच पाहिला, तोही शिडीच्या पायऱ्यांमधून.

साहेबांनी काकूंकडे पाहिलं, मग वायरकडे. नवा कप्पा काढायला त्यांची हरकत नव्हती. फक्त ही वायर जरा सोडता का, असं त्यांनी विचारलं.

“सासूचं राहिलंय अजून,” काकू म्हणाल्या.

‘इतर’ रिकामा झाला. कप्पे नोकरीत कायम झाला. आपल्या कप्प्यात आणखी कोण आहे, एवढंच काकूंनी विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर त्याला डबा पुन्हा थेट मिळू लागला.

शिडी अजून माझ्याकडेच आहे. परत करतानाही ऐकणावळ पडते का, हे कप्पेने ठरवलेलं नाही.