बारा फूट पाया

फी सांगायची वेळ आली की माझा आवाज बसतो. साइटवर मिस्त्रीला खडसावणारी मी, पण आकडा तोंडातून निघता निघत नाही. नोकरी सोडून अमरावतीत घरांच्या पाया-खांबांचं काम स्वतंत्रपणे घेऊ लागले, तेव्हा तर फारच. आईने वर्षाची मुदत दिली होती. तेवढ्यात जमलं नाही तर गुपचूप परत नोकरी.

त्या वर्षी दर्यापूरचे एक काका आले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आता घर बांधायला निघालेले. मी जीपने दोनदा जाऊन प्लॉट पाहिला. तिकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की चप्पल आत जाते. वरवरच्या पायावर घर उभं केलं तर दोन वर्षांत भिंती तडकणार. चार दिवस आकडेमोड करून मी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर काकांना सांगितलं, पाया बारा फूट, फी अठरा हजार.

काकांनी दोन्हीवर एकदमच घासाघीस सुरू केली. बाराचे आठ करा, जमिनीखालचं कोणाले दिसते, म्हणाले. मला घाम फुटला. पाया कमी होणार नाही, हवं तर फीत दोन हजार कमी करते, असं मी बोलून गेले. झालं! काकांना किल्ली सापडली. ते नऊ फूट म्हणाले, मी चौदा हजार म्हणाले. ते दहा फूट म्हणाले, मी दहा हजार. चहा संपेपर्यंत पाया बारा फुटांवर ठाम होता आणि मी फुकट झाले होते. चहाचे पैसेही मीच दिले. तरी मी खूश, घर तर वाचलं ना! घरी आईने ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

त्यानंतर पंधरा दिवस काकांचा पत्ता नाही. मग अकोल्याहून कॉलेजच्या मित्राचा फोन आला. तोही इंजिनीअर, ऑफिस मोठं, माणसं कमी, म्हणून जास्तीचं काम माझ्याकडे पाठवायचा. दर्यापूरचं एक घर आहे, काळी माती, लवकर करून दे, म्हणाला. प्लॉटची मापं पाहिली आणि हसावं की रडावं कळेना. तेच गणित, तोच बारा फूट पाया त्याच्या कागदावर उतरवून मी पाठवून दिला. त्याने काकांकडून तीस हजार घेतले, मला आठ दिले.

आठवडाभराने काका तो नकाशा घेऊन माझ्या दारात हजर.

"पाहा ताई, याले म्हणतात काम. शिकून घ्या."

"काका, हा मीच काढलाय."

काका पोट धरून हसले. शिक्का तर अकोल्याच्या साहेबाचा आहे, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. पाया यातही बाराच फूट आहे, मग मी वेगळं काय सांगितलं होतं, असं मी तडकून विचारलं.

"बाराच सांगतलं होतं तुमी. पण फुकट सांगतलं. फुकटच्या बोलण्यावर जिंदगीची कमाई जमिनीत गाडू काय मी?"

हे फार लागलं मला. कारण माणूस खोटं बोलत नव्हता. काकांनी नकाशा पुढे सरकवला. आलोच आहो तर एकडाव तपासून द्या, मनाले बरं वाटते, म्हणाले.

"तपासायचे पाच हजार," मी म्हणाले आणि स्वतःच दचकले.

काकांनी हूं की चूं न करता नोटा टेबलावर ठेवल्या. मग मी दोन तास माझंच गणित पहिल्यापासून तपासत बसले, आणि काका समोरच्या खुर्चीत हात बांधून बसून राहिले.