पाचिंकोला अरे, मला अहो

तमाम मराठी बंधुभगिनींस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावी, एका भाड्याच्या घराच्या तळघरात, जपानी जुगाराचं एक जुनं यंत्र पूर्ववत सुरू करण्यात आलं आहे. या कामी एक सासरे, एक जावई, एक गंजका टाइपरायटर आणि ट्यूलिपचे बारा कांदे खर्ची पडले. जीवितहानी नाही. जनतेने शांतता राखावी.

आता सविस्तर.

दोन हजार चौदाचा उन्हाळा होता. आमच्या गावात ठरलेल्या दिवशी लोक नको असलेलं अवजड सामान फुटपाथवर काढून ठेवतात आणि मग नगरपालिकेची गाडी ते उचलून नेते. याला श्पेरम्यूल म्हणतात. सभ्य माणसं त्या दिवशी सामान बाहेर ठेवतात. माझ्यासारखी माणसं त्या दिवशी हळू चालतात. तर असा हळू चालत असताना मला एका गादीला टेकून उभं असलेलं पाचिंको दिसलं. मालक शेजारीच होता. नेऊ का म्हणून विचारलं, तर त्याला इतका आनंद झाला की तो स्वतः एका बाजूने उचलून माझ्या घरापर्यंत आला.

पाचिंको म्हणजे उभा करून भिंतीला टांगलेला कॅरम समजा. त्यावर शेकडो पितळी खिळे ठोकलेले, पुढे काच. खालचा खटका दाबून सोडला की पोलादी गोळी उडून वर जाते आणि खिळ्यांवर ठेचकाळत खाली येते. मध्येमध्ये प्लॅस्टिकची फुलं असतात, त्यांना ट्यूलिप म्हणतात. गोळी फुलात पडली की पाकळ्या उघडतात, घंटी वाजते आणि पंधरा गोळ्या खडखडत खालच्या ताटलीत येतात. नाही पडली तर तळाच्या भोकातून गडप. माझ्या यंत्रात खटक्याची स्प्रिंग नव्हती, दोन ट्यूलिप तुटलेले होते आणि खिळ्यांवर चाळीस वर्षांचा मेणचट मळ होता. गोळ्या मात्र होत्या. पिशवीभर.

बायको तळघरात आली, यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली की आठ दिवसांनी बाबा येणार आहेत आणि तू इथे जुगाराचा अड्डा उघडतोयस.

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्याबद्दल सांगताना मला थोडं सरळ बसावं लागतं.

मी बौद्ध. माझी बायको ज्या जातीतली, त्यांच्या विहिरीवर माझ्या आजीला चढू देत नसत. आमच्या लग्नाला सासरे आले नाहीत. चार वर्षांनी एकदा घरी आले, चहा घेतला आणि मला म्हणाले, "आपली तब्येत बरी आहे ना?" तेव्हापासून दहा वर्षं मी 'आपण' होतो. 'अहो जावईबापू, आपण जेवलात का.' 'आपण बसा, मी उभा राहतो.' माझ्या मित्रांचे सासरे त्यांना खुशाल म्हणत, काय रे, पोट सुटलंय तुझं. माझं पोटही सुटलं होतं. पण त्याबद्दल 'आपणांस' कोण बोलणार?

मला त्यांच्या तोंडून एकदा 'अरे' ऐकायचं होतं. हे हास्यास्पद आहे, मला कबूल. माझे वडील तालुक्याच्या कचेरीत शिपाई म्हणून लागले. गावात निम्म्या वयाची पोरं त्यांना अरे म्हणून हाक मारायची. ज्या दिवशी बाजारपेठेतला दुकानदार त्यांना पहिल्यांदा 'अहो साहेब' म्हणाला, त्या दिवशी त्यांनी घरी पेढे आणले होते. त्यांचा मुलगा परदेशात बसून एका 'अरे'साठी झुरतोय हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी मला चपलेनं बडवलं असतं. अर्थात, अरे म्हणतच.

सासरे आले. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीने त्यांना हट्टाने आणलं होतं. पहिले चार दिवस ते खिडकीशी बसून समोरच्या बसथांब्यावरची बस वेळेवर येते का ते घड्याळात बघत राहिले. ती येत होती. त्यात काही रस राहिला नाही. पाचव्या दिवशी ते तळघरात उतरले.

यंत्रासमोर उभे राहून त्यांनी घसा साफ केला. "जावईबापू, आपण रागावणार नसाल तर विचारतो. हे जुगाराचं आहे का?"

मी व्याख्यान सुरू केलं. यांत्रिक वारसा, जपानी कारागिरी, लोककला. लोककला म्हणताना मी हातही उंचावला होता. सासऱ्यांनी तोवर यंत्राची पाठ स्वतःकडे वळवली होती. पाठीमागे नुसत्या तरफा, नळ्या, तारा, वजनाने झुलणाऱ्या पट्ट्या. त्यांनी खिशातून चष्मा काढला. चाळीस वर्षं ते सरकारी कचेऱ्यांतले टाइपरायटर दुरुस्त करत होते. संगणक आले आणि त्यांची हत्यारांची पिशवी खुंटीला लागली. त्यांनी एका पट्टीला करंगळीने हलकेच ढोसलं. ती अडकली. आणि मग माझ्या कानांनी ऐकलं.

"अरे, कुणी बांधलं रे तुला असं?"

यंत्राला. मला नाही, यंत्राला. पाच मिनिटांची ओळख.

त्यानंतर आमचा दिनक्रम ठरला. मी ऑफिसातून आलो की आम्ही दोघं खाली. मी दात घासायच्या ब्रशने खिळे साफ करायचो, ते मागची बाजू उलगडायचे. बोलणं दोन भाषांत चालायचं. "जावईबापू, जरा आपला दिवा इकडे धरता का?" आणि लगेच तरफेला, "ये रे राजा, ये. नाटकं करू नकोस." मी दिवा धरून उभा. एका लोखंडी पट्टीचा मत्सर करणारा मी बहुधा वाल्डॉर्फमधला एकमेव सॉफ्टवेअर इंजिनिअर असेन, आणि तिथे सॉफ्टवेअर इंजिनिअर पुष्कळ आहेत.

स्प्रिंगसाठी आम्ही रविवारच्या जुन्या बाजारात गेलो. सासऱ्यांचं म्हणणं असं की टाइपरायटरची एक स्प्रिंग त्या खटक्याला नेमकी बसेल. बाजारात एक टाइपरायटर मिळाला. घरी आणला. सासऱ्यांनी तो उघडला, तासभर बघितला आणि म्हणाले की हा जिवंत आहे, याला मी हात लावणार नाही. दुसऱ्या रविवारी दुसरा आणला. तोही जिवंत निघाला. एवढंच नाही तर त्यांनी तो दुरुस्तच केला. मी रडकुंडीला आलो होतो. तिसऱ्या रविवारी त्यांनी एक पावसात कुजलेला, सांगाड्यासारखा टाइपरायटर शोधला, त्याला हात जोडले आणि मग त्याची स्प्रिंग काढली. ती बसली. खटका असा काही परतला की सासरे स्वतःशीच हसले. माझ्याकडे बघून हसू आवरलं आणि म्हणाले, "आपल्याला आवडलं ना?"

त्या रात्री जेवताना मी बायकोपाशी कुरकुरलो. म्हटलं, तुझ्या बाबांनी मला अजून माफ केलेलं दिसत नाही. ती पोळी भाजता भाजता थांबली. म्हणाली, ते रागावलेले नाहीत रे, घाबरलेत. तिने त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले होते, ज्या घराला आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अरे-तुरे केलं, त्या घरच्या मुलाला मी कोणत्या तोंडाने अरे म्हणू?

पोळी करपली. मी तीच खाल्ली.

आता राहिले ट्यूलिप. जुन्या वस्तूंच्या एका साइटवर मी जाहिरात टाकली. माझं जर्मन कामचलाऊ आहे, पण आत्मविश्वास दांडगा. 'पिवळे ट्यूलिप हवेत, वापरलेले चालतील, उघडत-मिटत असावेत.' आठवड्याभरात खोकं आलं. आत बारा कांदे. फुलांचे. सोबत चिठ्ठी: वापरलेले आहेत, पण वसंतात नक्की उघडतील. सासऱ्यांनी ती चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि तोंडावर रुमाल धरला. अहोच्या चौकटीत राहून हसायला माणसाला काय कष्ट पडतात ते मी तेव्हा पाहिलं.

मग कार्ल्सरूहेच्या एका बाईंचा फोन आला. वय सत्तरीपुढचं. त्यांच्या दिवंगत नवऱ्याने सात पाचिंको जमवली होती आणि एका कपाटात नुसते सुटे भाग. शनिवारी आम्ही ट्रेनने गेलो. सासऱ्यांनी खास कोट घातला. बाईंनी एक खण उघडला आणि त्यात पिवळे, लाल, हिरवे ट्यूलिप असे रचलेले होते की सासरे म्हणाले, "अहाहा." बाईंना मराठी येत नव्हतं, पण अहाहा कळलं. मग दोघांनी मिळून जोडी निवडली. ते एक उचलून पाकळी हलवत, त्या मान हलवून नाही म्हणत; त्या दुसरं देत, ते डोळ्याजवळ नेऊन हो म्हणत. मधूनमधून त्या "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणत आणि हेही "गेनाऊ" म्हणत. मी भाषांतरकार म्हणून आलो होतो. मला केक खायला बसवलं.

निघताना बाईंनी सासऱ्यांचा हात हातात घेतला, स्वतःचं पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाल्या की आता आपण 'डू' म्हणू या. मी भाषांतर केलं नाही. जिन्यावरून घाईघाईने उतरलो, ट्रेन होती.

ट्रेनमध्ये सासऱ्यांनी विचारलं, त्या शेवटी काय म्हणाल्या. मी सांगितलं की इथेही अहो आणि अरे असतं. परक्याला 'झी', आपल्या माणसाला 'डू'. आणि 'झी'वरून 'डू'वर यायचं तर दोघांत जो वयाने मोठा असेल त्याने आधी म्हणायचं. धाकट्याने वाट बघायची.

त्यांनी मांडीवरची डबी उघडली, पुन्हा मिटली. डबीत दोन पिवळे ट्यूलिप होते.

"मोठ्यानेच आधी म्हणायचं?"

"हो."

"आणि धाकट्याला तो अपमान वाटला तर?"

मी बडबड्या माणूस. एरवी मी यावर तीन विनोद केले असते. खिडकीबाहेर बघत म्हटलं, "बाबा, ते कोण म्हणतं त्यावर असतं."

ब्रुखझाल स्टेशन आलं, गेलं. उतरताना ते म्हणाले, "सांभाळा, पायरी उंच आहे. आपण आधी उतरा."

पुढच्या शनिवारी दुपारी ट्यूलिप बसले. यंत्र भिंतीपासून हातभर पुढे उभ्या केलेल्या लाकडी चौकटीत टांगलं. सरळ टांगलं तर गोळ्या काचेवर आपटत होत्या. सासऱ्यांनी खाली एक लाकडी पाचर सरकवली, यंत्र किंचित मागे रेललं आणि गोळ्या खिळ्यांवरून शहाण्यासारख्या उतरू लागल्या. त्यांचं परतीचं विमान चार दिवसांवर होतं. बायको वर त्यांची बॅग भरत होती. सासरे यंत्राच्या मागे, भिंत आणि चौकट यांच्यामधल्या फटीत, नुसता कोट आणि एक कान दिसेल असे उभे. मी पुढे.

मी मागची टाकी पिशवीतल्या सगळ्या गोळ्यांनी भरली आणि पहिली उडवली. गडप. दुसरी गडप. सातवी गोळी एका खिळ्यावर थबकली, इकडे झुकली, तिकडे झुकली आणि थेट पिवळ्या फुलात पडली. पाकळ्या उघडल्या. घंटी वाजली. पंधरा गोळ्या खडखडत ताटलीत आल्या आणि मी नाटकात वन्समोअर देतात तशा टाळ्या वाजवायला लागलो. यात एकच गोष्ट राहिली होती. पंधरानंतर मिटायची ती मागची झडप मिटलीच नाही. सोळावी आली, विसावी आली, मग मोजायची सोय राहिली नाही. ताटली भरली, सांडली, गोळ्या फरशीवर उड्या मारत चारी दिशांना निघाल्या आणि तळघराच्या मधोमध सांडपाण्याची जी जाळी आहे, तिच्या भोकांतून टपटप आत पडू लागल्या. ज्या गोळ्या जर्मनीत सहजासहजी मिळत नाहीत त्या. सासरे फटीत अडकलेले, दोन्ही अंगठ्यांनी झडप दाबून धरलेली, हलता येत नाही. आणि मी तिथे उभा, फूल उघडल्याच्या आनंदात, अजून टाळ्या वाजवतोय. यंत्रामागून गर्जना आली:

"अरे गाढवा, टाळ्या काय पिटतोस! बस त्या जाळीवर, चालल्या सगळ्या गोळ्या!"